पेन्सिल घेऊन वाचायचे पुस्तक

गेल्या महिन्यातील एका रविवारी सकाळी माझा पुतण्या पुण्याहून सांगलीला आला आणि चहाचा कप हातात घेण्यापूर्वीच त्याने कापडी पिशवीतील पाच पुस्तके माझ्या टेबलावर ओळीने मांडली. कर्जदार आपली कागदपत्रे शाखाधिकाऱ्यापुढे मांडतो, अगदी तशी. "काका, यांतले कोणते वाचू ते सांगा. वेळ भरपूर आहे, पण आता धीर उरलेला नाही," तो म्हणाला.

त्याचे वय ४४. पुण्याजवळील वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात खरेदी विभागात त्याने १९ वर्षे काढली. दोन महिन्यांपूर्वी तो विभाग दुसऱ्या राज्यातील कारखान्यात विलीन झाला आणि याच्या हाती पत्र आले. घराच्या कर्जाचे हप्ते चालू, मुलगी बारावीत, पत्नी शाळेत शिक्षिका. आईला, म्हणजे माझ्या वहिनींना, शिल्लक रजा संपवतो आहे एवढेच सांगितलेले. (आता त्यांना सारे ठाऊक आहे आणि हा मजकूर मी त्याच्या संमतीनेच लिहीत आहे.)

आपल्या समाजात एखाद्याचे दुकान अडचणीत आले तर चार जाणती माणसे पेढीवर येऊन बसतात, उधारी-उसनवारीची चौकशी करतात, मार्ग सुचवितात. व्यापारातील चढउतार आपल्या अंगवळणी पडलेला आहे. नोकरी गेली की मात्र घरातल्या घरातही आवाज खाली येतो. वधू-वर परिचय पुस्तिकेत 'व्यवसाय' या रकान्यात कंपनीचे नाव असते, हुद्दा असतो, वार्षिक उत्पन्न असते. 'सध्या शोधात' असे लिहिलेले मी आजवर पाहिलेले नाही. त्यामुळे नोकरी गेलेला माणूस माणसांकडे जाण्याऐवजी पुस्तकांच्या दुकानात जातो. तिथे कोणी ओळखीचे भेटले तरी मुलीसाठी पुस्तके घेतो आहे असे सांगता येते. पुतण्याने अप्पा बळवंत चौकात नेमके तेच सांगितले होते.

पाच पुस्तके मी एकेक करून हाती घेतली. पहिल्यात मुलाखतीत विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची तयार उत्तरे होती. दुसऱ्यात बायोडेटाचे नमुने. तिसरे एका वक्त्याचे, मनोबल वाढविणारे. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी उगवत्या सूर्याचे चित्र. चौथे बँक परीक्षेचे गाईड. "हे कशाला? तुझी वयोमर्यादा उलटून किती वर्षे झाली!" असे मी विचारले, तेव्हा तो ओशाळून हसला. घाबरलेला माणूस काय खरेदी करील याचा नेम नसतो, आणि हा तर जन्मभर खरेदी विभागातच होता. पाचवे पुस्तक जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललेले, जाडजूड, इंग्रजी, आणि नाव असे की त्याचा नोकरीशी काय संबंध ते कळू नये : 'व्हॉट कलर इज युवर पॅराशूट?' म्हणजे, तुमच्या हवाई छत्रीचा रंग कोणता?

बँकेत असताना कर्जप्रस्तावाबरोबर येणारे प्रकल्प अहवाल मी ढिगाने वाचले. त्यांतील कितीतरी एकाच सल्लागाराने एकाच साच्यातून काढलेले असत. कधीकधी तर आधीच्या अर्जदाराचे नाव एखाद्या पानावर तसेच राहून गेलेले असे. अशा अहवालात आकडे सुबक असत आणि अर्जदाराला दोन प्रश्न विचारताच तो सल्लागाराच्या तोंडाकडे पाहू लागे. नंतर काही वर्षे भरतीच्या मुलाखतींना बसण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा बायोडेटांचीही तीच गत दिसली. एकाच दिवशी सात उमेदवारांनी आपला दोष 'मी कामात फार परिपूर्णता शोधतो' असा सांगितला होता. पाठांतर चोख होते. निवड करताना त्या सातांतील एकाचाही चेहरा आम्हांला आठवेना. म्हणून पहिली दोन पुस्तके मी बाजूला सारली. ती निरुपयोगी आहेत असे नाही. मुलाखतीचे पत्र हाती आल्यावर आदल्या दिवशी चाळायला ती ठीक आहेत. पण कोणत्या दारावर जायचे हेच ठरलेले नसताना दार कसे ठोठवावे याचे पुस्तक काय कामाचे?

तिसऱ्याबद्दल एवढेच म्हणतो की ते वाचताना बरे वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचे हे त्यात नव्हते.

कर्ज देताना बँक कर्जदाराला त्याचा स्वतःचा हिस्सा घालायला लावते. त्याला आम्ही मार्जिन मनी म्हणतो. यंत्र एक लाखाचे असेल तर पंचवीस हजार तुझे, मग पंचाहत्तर आमचे. ज्याचा स्वतःचा पैसा गुंतलेला असतो तो धंद्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. नोकरी शोधणाऱ्यासाठी पुस्तक निवडतानाही मी हीच कसोटी लावतो. वाचकाकडून जे काहीच मागत नाही, त्याला हातात पेन्सिल घ्यायला लावीत नाही, घराबाहेर पडून कोणाला भेटायला सांगत नाही, ते पुस्तक शंभर टक्के कर्ज देणाऱ्या सावकारासारखे समजावे. दुकानात उभ्याउभ्या वीस पाने चाळली तरी हे कळते. पाचव्या पुस्तकाचे मी मधलेच पान उघडले, तर तिथे रिकामे रकाने होते. आधीच्या मालकाने दोन भरून सोडून दिलेले.

या पुस्तकाचा जन्मच नोकरी जाण्यातून झालेला आहे. रिचर्ड बोल्स हे अमेरिकेतील एक ख्रिस्ती धर्मोपदेशक. त्यांनी हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले होते. १९६८ साली सॅन फ्रान्सिस्को येथील ग्रेस कॅथीड्रल या मोठ्या चर्चमधील त्यांची नोकरी अंदाजपत्रकाच्या ओढाताणीत गेली. तेव्हा ते ४१ वर्षांचे होते. पुढे त्यांना जे काम मिळाले ते महाविद्यालयांतून नेमलेल्या धर्मोपदेशकांच्या देखरेखीचे, आणि त्या लोकांच्याही नोकऱ्या एकामागून एक जात होत्या. त्यांना सांगायचे काय, हे शोधण्यासाठी बोल्स गावोगाव हिंडले, जाणकारांना भेटले, आणि १९७० साली त्यांनी एक मार्गदर्शिका स्वतःच छापून वाटली. संकटात सापडलेले लोक 'आता विमानातून उडी मारावी म्हणतो' अशा अर्थाचे बोलत, तेव्हा हे विनोदाने विचारीत, 'तुमच्या पॅराशूटचा रंग कोणता?' तेच नाव पुस्तकाला पडले. १९७२ मध्ये एका प्रकाशन संस्थेने ते बाजारात आणले आणि १९७५ पासून बोल्स दरवर्षी त्याची सुधारित आवृत्ती काढू लागले. एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. २०१७ मध्ये, वयाच्या ९०व्या वर्षी ते निवर्तले. त्यानंतरच्या नव्या आवृत्तीचे काम कॅथरिन ब्रुक्स यांनी केले आहे.

इतका खप हे चांगुलपणाचे प्रमाण मानू नये, हे मी पुतण्याला सांगितले. मला त्यातील दोन गोष्टी पटल्या. लेखक स्वतः त्या विहिरीत पडून वर आलेला आहे, ही एक. आणि जग बदलते म्हणून त्याने आपले पुस्तक दरवर्षी दुरुस्त केले, ही दुसरी. मार्गदर्शक पुस्तक घेताना शीर्षकपृष्ठाच्या पाठीमागचे पान आधी पाहावे. पुतण्याची प्रत आठ-दहा वर्षांपूर्वीची होती, तेव्हा संगणकावरून अर्ज कसे करावेत यासंबंधीची पाने मी त्याला सोडून द्यायला सांगितली. माणसाने स्वतःला ओळखावे कसे, याची पाने मात्र शिळी होत नाहीत.

इथे मला थोडे थांबून एक जुने देणे मान्य करावयाचे आहे.

२००० साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. पंधरा वर्षांची सेवा किंवा चाळीस वर्षांचे वय पूर्ण झालेल्यांस ती खुली होती. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे ६० दिवसांचे वेतन, किंवा उरलेल्या सेवाकाळाचे वेतन, यांतील जी रक्कम कमी असेल ती मिळणार होती. देशभरातून सुमारे एक लाख लोक त्यातून बाहेर पडले. माझ्या शाखेतील एक सहकारी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, निर्णयासाठी माझ्याकडे आले. एम.कॉम. झालेला मीच जवळचा. मी कागद घेतला, मिळणारी रक्कम मांडली, त्या वेळी मुदतठेवीवर दहा टक्क्यांच्या आसपास व्याज होते ते धरले, निवृत्तिवेतन मिळविले आणि खाली दोन रेघा ओढून म्हणालो, "घ्या. बसल्या जागी तेवढेच मिळेल."

गणितात चूक नव्हती. पुढच्या तीन-चार वर्षांत ठेवींचे व्याजदर साडेपाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरले, हा भाग कोणाच्याच हाती नव्हता. पण सोमवारी सकाळी दहा वाजता ते काय करणार, हा प्रश्न मी विचारलाच नाही. त्यांनी एसटीडी बूथ टाकला, कारण त्या काळी प्रत्येक जण तेच टाकीत होता. मोबाईल स्वस्त झाले आणि बूथ बंद पडला. मग झेरॉक्सचे यंत्र घेतले. नंतर काही नाही. ते मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. अजूनही दिवाळीला त्यांचा फोन येतो, आणि ते जितक्या आपुलकीने बोलतात तितके माझे ओशाळलेपण वाढते. या गृहस्थांच्या खिडकीपुढे पेन्शनरांची सर्वांत लांब रांग असे, कारण अंगठा उठविणाऱ्या म्हातारीलाही फॉर्म समजावून देण्याची हातोटी त्यांच्यापाशी होती. शाखेत येणारा प्रत्येक नवा कारकून त्यांच्याच शेजारी बसून काम शिकला. शिकविणे हा त्यांचा धंदा होऊ शकला असता. मी त्यांच्या रकमेचा हिशेब केला, त्यांचा केलाच नाही.

म्हणून या खेपेला मी कॅल्क्युलेटर अगदी थोडा वेळ बाहेर काढला. सहा महिने घर चालेल इतकी रक्कम वेगळी आहे ना. कंपनीचा सामूहिक आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो, तेव्हा घराची स्वतंत्र पॉलिसी आहे ना. हप्ता थकण्यापूर्वीच बँकेत जाऊन सांगितले आहे ना. एवढे विचारून त्याला पेन्सिल आणि शंभर पानी वही दिली.

बोल्स यांच्या पुस्तकाच्या मध्यभागी एक फूल आहे, सात पाकळ्यांचे. कोणत्या प्रकारच्या माणसांत तुम्हांला काम करावेसे वाटते, कामाची जागा व परिस्थिती कशी असावी, हातात कोणती कौशल्ये आहेत, कोणत्या विषयांचे ज्ञान आहे, वेतन आणि जबाबदारी किती हवी, कोणत्या गावी राहायचे, आणि हे सारे कशासाठी. प्रत्येक पाकळी स्वतः भरायची. त्यांतील कौशल्यांची पाकळी भरण्याची रीत मला फार आवडली. तिथे 'मला अमुक येते' असे लिहायचे नाही. आपल्या आयुष्यातील सात गोष्टी लिहायच्या. काहीतरी करून दाखविले आणि करताना आनंद वाटला अशा. मग ती नोकरीतील असो, घरातील असो वा शाळेतील. त्या गोष्टींतून क्रियापदे वेचून काढायची : जमविले, पटविले, दुरुस्त केले, मोजले, शिकविले.

पुतण्याने पहिल्या दिवशी वहीत लिहिले, 'खरेदी. १९ वर्षे.' आणि वही मिटली. "काका, मला दुसरे काही येतच नाही." संध्याकाळी जेवणानंतर (आमच्याकडे ते सूर्यास्तापूर्वी आटोपते, त्यामुळे संध्याकाळ मोठी असते) मी त्याला २०१९ च्या पुराची आठवण दिली. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा हा पुण्यात होता. रस्ते बंद. याने तीन दिवस फोनवर बसून सोलापूरकडून चाऱ्याच्या गाड्या आणि पिण्याचे पाणी मिळविले, कोणत्या बाजूने गाडी गावात शिरू शकेल ते चालकांकडून काढले, मित्रांकडून वर्गणी गोळा केली, आणि पूर ओसरल्यावर रुपयारुपयाचा हिशेब सर्वांना पाठविला. उरलेले काही हजार परत केले. वर्गणीतील उरलेले पैसे परत आल्याचे मी आयुष्यात तेव्हा प्रथमच पाहिले! ही गोष्ट त्याच्या गणतीतच नव्हती. "ते काम थोडेच होते," तो म्हणाला.

ती पहिली गोष्ट झाली. मग वडिलांच्या दुकानातील उधारीची वही पंधराव्या वर्षी त्याने नव्याने बांधली होती, ती दुसरी. माल वेळेवर न देणाऱ्या एका लहान कारखानदाराशी भांडण्याऐवजी हा त्याच्या शेडमध्ये दोन दिवस जाऊन बसला आणि अडचण कच्च्या मालाच्या पैशांची आहे हे शोधून काढले, ती तिसरी. सातवी गोष्ट लिहून होईपर्यंत मंगळवार उजाडला. क्रियापदांची यादी पाहताना आम्हां दोघांच्याही लक्षात आले की त्यात 'वाहन' हा शब्द कुठेच नव्हता. एकोणीस वर्षे ज्या उद्योगात गेली तो उद्योग त्याच्या कौशल्याचा भागच नव्हता. घाईच्या वेळी, अपुऱ्या साधनांत, योग्य माणसाकडून योग्य वस्तू मिळविणे आणि त्याचा चोख हिशेब ठेवणे, हे त्याचे काम. ते कुठेही चालू शकते.

मध्यम वयात क्षेत्र बदलणाऱ्यांस याच पुस्तकातील आणखी एक सल्ला मोलाचा आहे. कामाचे स्वरूप आणि कामाचे क्षेत्र, ही दोन्ही एकाच उडीत बदलू नयेत. शक्य आहे, पण फार कठीण. आधी एक बदलावे, स्थिरावावे, मग दुसरे. वाहनउद्योगातील खरेदी अधिकाऱ्याला उद्या रुग्णालयाचा व्यवस्थापक कोणी करणार नाही. पण रुग्णालयाच्या खरेदी विभागात तो जाऊ शकतो, आणि तिथे तीन-चार वर्षांत रुग्णालय कसे चालते ते शिकून व्यवस्थापनाकडे वळू शकतो. आपल्याकडे लोक दोन्ही एकदम बदलतात. वीस वर्षे संगणकापुढे बसलेला गृहस्थ थेट शेती घेतो किंवा खानावळ काढतो, आणि कर्जाचा प्रस्ताव घेऊन बँकेत येतो. मी अशा प्रस्तावांना काय शेरे मारले ते आता सांगत नाही.

पुस्तकातील सर्वच मी डोळे मिटून घेतले असे मात्र नाही. बायोडेटा पाठवून इतक्या टक्के लोकांना नोकरी मिळते, अमुक मार्गाने तितक्या टक्क्यांना, अशा आकडेवाऱ्या या प्रकारच्या पुस्तकांत असतात. कोणाला विचारून, केव्हा, हे नीट कळल्याशिवाय बँकेचा माणूस आकड्याला हात लावीत नाही. एका अभ्यासाचे आकडे मात्र मी पुतण्याला लिहून दिले, कारण ते कोणाचे आहेत हे स्पष्ट आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळील न्यूटन या गावी नुकतीच नोकरी बदललेल्या २८२ पुरुषांची पाहणी केली. १०० जणांना प्रत्यक्ष भेटून, बाकीच्यांस टपालाने प्रश्न पाठवून. १९७४ साली ती 'गेटिंग अ जॉब' या नावाने प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी ओळखीतून मिळालेली होती, यात आपल्याला नवल नाही. नवल पुढे आहे. ती ओळख देणारा माणूस वारंवार भेटणारा, म्हणजे आठवड्यातून दोनदा तरी गाठ पडणारा, असा सहांपैकी जेमतेम एकाच्याच बाबतीत होता. बाकीच्यांना खबर मिळाली ती क्वचित भेटणाऱ्यांकडून, कुठल्याशा जुन्या सहकाऱ्याकडून, वर्षातून एखाद्या वेळी दिसणाऱ्याकडून. कारण उघड आहे. आपले सख्खे आणि शेजारी यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असतेच. नवी बातमी दूरच्याकडे असते.

म्हणजे नोकरी गेल्याचे आपण ज्यांच्यापासून सर्वांत कसोशीने लपवितो, त्यांच्याकडूनच मदत येण्याची शक्यता जास्त. लग्नात ओझरता भेटणारा साडूचा भाऊ, जुना पुरवठादार, वसतिगृहातील सोबती. पुतण्याने सायंकाळी ११ जणांची यादी केली. नोकरी मागायची नाही, फक्त त्यांच्या क्षेत्रात काम कसे चालते ते वीस मिनिटे विचारायचे, ही बोल्स यांचीच शिकवण. पहिला फोन करण्यापूर्वी त्याने अंगणात दहा फेऱ्या मारल्या. मी वर्तमानपत्रात तोंड घालून बसलो होतो, पण माझेही लक्ष तिकडेच होते.

परदेशी पुस्तक आपल्याला पुरे पडत नाही अशाही जागा आहेत. तिथल्या लेखकाला आपली तीन-तीन महिन्यांची सूचनामुदत ठाऊक नसते, मागील पगाराची पावती मागून त्यावरच नवा पगार ठरविण्याची आपल्याकडची सवय ठाऊक नसते, आणि चव्वेचाळीस वर्षांचा मुलगाही असा निर्णय आईला विचारून घेतो हे तर त्याच्या स्वप्नातही येणार नाही. 'नोकरी लावून देतो, आधी अनामत भरा' असे सांगणाऱ्यांपासून सावध राहायला आपल्याला आपल्याच अनुभवाने शिकावे लागते. खरा मालक नोकरी देण्यासाठी पैसे मागत नाही. सरकारी जागांसाठी १९७६ पासून निघणारे 'रोजगार समाचार' साप्ताहिक आहे, केंद्र सरकारची २०१५ पासूनची राष्ट्रीय करिअर सेवा आहे. ती माहिती कोणत्याही पुस्तकापेक्षा ताजी असते.

उद्दिष्टाची पाकळी भरताना आणखी एक गोष्ट घडली. पुतण्याला मधल्या काळात एका मांस निर्यात करणाऱ्या कंपनीकडून विचारणा आली होती, पगार आधीपेक्षा चांगला. त्याने नकार दिला होता, पण घरी बसून खाण्याच्या दिवसांत असा नकार देणे हा माज तर नव्हे, अशी बोच त्याला लागून राहिली होती. श्रावकाने टाळावयाचे व्यवसाय म्हणून आपल्याकडे पंधरा कर्मादाने सांगितलेली आहेत. कोणते काम करायचे नाही, हीसुद्धा माणसाच्या पाकळीतली नोंदच आहे. मी त्याला ती पेनाने लिहायला सांगितली. बोल्स यांच्या अनेक आवृत्त्यांत शेवटी ईश्वराने नेमून दिलेल्या कार्यासंबंधी एक प्रकरण असते. ते त्यांच्या श्रद्धेतून आलेले आहे. पटले तर वाचावे, नाहीतर आपले आपण लिहावे.

फुले आणि पाकळ्या भरण्याने कंटाळा येणारेही लोक असतात. त्यांच्यासाठी हर्मिनिया इबारा यांचे 'वर्किंग आयडेंटिटी' हे २००३ सालचे पुस्तक सुचवीन. त्यांचे म्हणणे जवळजवळ उलटे आहे : बसून विचार करण्याने आपण कोण हे उमगत नाही, लहान प्रमाणावर करून पाहावे, सुट्टीच्या दिवशी, अर्धवेळ, आणि त्यातून कळत जाते. माझ्या मते दोन्ही खरे आहे, माणूस पाहून पुस्तक द्यावे. अतिविचार करणाऱ्याला इबारा, आणि घाईघाईने परीक्षेचे गाईड विकत घेणाऱ्याला बोल्स.

अकरापैकी सातवी व्यक्ती पुराच्या वेळी गाड्या देणाऱ्या वाहतूकदाराचा मेहुणा निघाली. ती मिरजेच्या एका रुग्णालयात भांडार सांभाळते. वीस मिनिटांचे दोन तास झाले. पुढे तिथल्या प्रमुखांशी दोन भेटी झाल्या, आणि त्यात पुतण्याने बायोडेटा दाखविण्याआधी चाऱ्याच्या गाड्यांचा हिशेब दाखविला. खरेदी विभागाची जागा त्याला देऊ केलेली आहे. पगार आधीपेक्षा सुमारे एक चतुर्थांश कमी. उत्तर या महिनाअखेर द्यायचे आहे.

पुस्तके परत नेताना चार त्याने माझ्याकडेच ठेवली, पाचवे घेऊन गेला. परवा आला तेव्हा मी ते उघडून पाहिले. सहा पाकळ्या भरलेल्या आहेत. गावाच्या पाकळीत मात्र खोडरबराने कागद पातळ झाला आहे. आई म्हणते, मिरज म्हणजे घरच. पत्नीची शाळा पुण्यात आहे आणि मुलीची परीक्षा फेब्रुवारीत. तिथे एकदा 'सांगली' लिहिलेले दिसते, एकदा 'पुणे', मग 'फेब्रुवारीनंतर' असे काहीतरी, आणि सध्या ती जागा कोरी आहे.